मानसिक आरोग्य, मनःस्वास्थ्य की मनोआरोग्य?

10 ऑक्टोबरला जागतिक मानसिक आरोग्य दिन. सोसायटीत व्याख्यान ठेवलंय, त्याचा फलक लिहायचाय. एक आजोबा म्हणतात, ‘मानसिक’ लिहू नका, कोणी फिरकणार नाही. कुणी ‘मनोआरोग्य’ सुचवलं, कुणी ‘मनःस्वास्थ्य’. काय लिहावं?

— ‘मनोआरोग्य’ संधीत बसत नाही. मूळ शब्द ‘मनः’, त्याच्यापुढे मृदू व्यंजन आलं की विसर्गाचा ओ होतो: मनोरुग्ण, मनोविकार, मनोबल. पुढे ‘आ’ आला की विसर्ग नुसता गळतो, म्हणजे ‘मनआरोग्य’ व्हायला हवं, आणि तसं कुणी म्हणणार नाही. (छापून येतं बऱ्याचदा, पण मला खटकतं.) ‘मनःस्वास्थ्य’ शुद्ध आहे. मात्र बोलण्यात स्वास्थ्य म्हणजे निवांतपणा. ‘घडीभर स्वास्थ्य नाही जिवाला’ म्हणणारी बाई आजाराबद्दल बोलत नसते.

— आजोबांचं अगदीच खोटं नाही. ‘मानसिक ताण’ चालतो, पण ‘तो मानसिक आहे’ म्हटलं की संपलं. ‘मेंटल’ची तर शिवीच झालीय. मला जास्त खुपतं ते ‘तिला मेंटल हेल्थ आहे’. अहो, आरोग्य म्हणजे रोग नसणं! मधुमेह झालेल्याला ‘शारीरिक आरोग्य आहे’ म्हणतो का आपण? आजार असेल तर सरळ नाव घ्या: नैराश्य, चिंताविकार, स्किझोफ्रेनिया.

— नाव बदलल्यानं फार फरक पडतो असं वाटत नाही. 1912 च्या कायद्याच्या नावात ‘लुनसी’ म्हणजे वेड होतं, 1987 मध्ये ‘मानसिक आरोग्य’ आलं, 2017 मध्ये ‘मानसिक आरोग्यसेवा’. वेड्यांच्या इस्पितळाचं मनोरुग्णालय झालं. तरी ‘याला येरवड्याला न्या’, ‘ठाण्याला भरती करा’ हे विनोद चालूच आहेत. 2017 च्या कायद्यात खरा बदल नावापेक्षा आत आहे, सरकारी खर्चाच्या सेवेतून उपचार मिळणं हा हक्क झाला.

— मग ‘मानसिक आरोग्य’च लिहू?

— लिहा. सगळ्यांना कळतं. वक्त्यांचं पद मात्र तपासून घ्या. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे डॉक्टर, औषधं तेच लिहून देतात. मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक वेगळे, फलकांवर या तिघांची हमखास सरमिसळ होते. आणि खाली टेलि-मानसचा 14416 मोठ्या अक्षरात टाका. सरकारी हेल्पलाइन आहे, मराठीत बोलता येतं.