बॉक्सिंग शिकायचंय, जिम बघून ठरवू की कोच बघून?

डावखुरी_१९

नमस्कार मंडळी. माझं वय १९, वजन ५६-५७ च्या आसपास. आठ महिने झाले एका फिटनेस जिममध्ये बॉक्सिंगचा क्लास करतेय, म्हणजे गाणी लावून बॅगवर हाणायचं आणि घाम काढायचा तो प्रकार. त्यातून आवड लागली आणि आता मला खरंच रिंगमध्ये उतरायचंय. प्रो वगैरे नाही, अमॅच्युअर (हौशी) बाउट, म्हणजे लढती, खेळायच्या आहेत, ३ मिनिटांचे ३ राउंड, समोर माझ्याच वजनाची मुलगी आणि कोपऱ्यात माझा कोच, एवढं डोक्यात बसलंय.

दोन ठिकाणं बघून आले. पहिलं घरापासून दहा मिनिटांवर, नवीन बॅगा, चकाचक रिंग, कोच तरुण आहे, स्वतः प्रो खेळलाय, पॅड (कोच हातात धरतो आणि आपण त्यावर पंच मारतो ते) असले भारी धरतो की बघत राहावं. त्याने माझे पाच मिनिटं पॅड घेतले आणि म्हणाला तुझ्यात दम आहे, येत्या शनिवारपासून स्पारिंगला ये, म्हणजे समोर जोडीदार घेऊन सरावाची लढत. मी डावखुरी आहे तर म्हणाला उजव्यांसारखीच उभी राहा, सोपं पडेल.

दुसरं ठिकाण एक तास लांब. जुना हॉल, एकच रिंग, बॅगांना टेप गुंडाळलेली. कोच साठीच्या पुढचे असतील. मी आलेय कळल्यावर फक्त म्हणाले, बस आणि बघ. दीड तास बसले. निघताना सांगितलं की पहिले दोन-तीन महिने कुणाशी स्पारिंग नाही, पाय आधी, म्हणजे रिंगमधली चाल. मला आवडले पण खरं सांगू तर थोडी नाराज झाले, आठ महिने फुकट गेले की काय असं वाटलं.

मन पहिल्याकडे ओढतंय. तुम्ही निवडताना काय बघितलं होतं?

जुना_वेल्टर

मी नऊ वर्षं अमॅच्युअर खेळलो, आता नाही खेळत. तुझं ते "येत्या शनिवारपासून स्पारिंगला ये" वाचलं आणि पोटात गोळा आला म्हणून लगेच लिहितोय.

मी सोळाचा होतो तेव्हा पहिल्या क्लबमध्ये तिसऱ्याच आठवड्यात मला रिंगमध्ये घातलं, समोर माझ्यापेक्षा १२ किलो जड आणि चार वर्षं खेळलेला मुलगा. कोच बाहेर कुणाशी तरी बोलत उभे होते. दुसऱ्या राउंडमध्ये एक उजवा बसला, पडलो नाही, पण पुढचं मला धड आठवत नाही, रात्री उलट्या झाल्या, उजेड नकोसा वाटत होता. दुसऱ्या दिवशी सांगितलं तर उत्तर मिळालं, असं होतंच, सवय होते. चार दिवसांनी परत स्पारिंग. मला त्या वयात माहीतच नव्हतं की अमॅच्युअरच्या नियमांत डोक्याला मार बसून नॉकआउट झालं तर किमान ३० दिवस फाइट नाही आणि स्पारिंगही नाही. बाउटला जो नियम आहे तो प्रॅक्टिसला कोण लावणार, कोचच ना? तिथे डॉक्टर नसतो, रेफरी नसतो, एकच माणूस असतो आणि तोच जर पाठ फिरवून उभा असेल तर संपलं.

हेडगार्ड असतं ना, असं म्हणू नकोस. हेडगार्डने भुवई फुटायची वाचते, खरचटत नाही. आतला मेंदू हलायचा तो हलतोच.

त्या मारानंतर मी पुढची दोन वर्षं पंच आला की डोळे मिटायचो. ती सवय मोडायला दुसऱ्या कोचने अख्खं वर्ष घातलं, नुसतं हळू टच, फक्त जॅब (पुढच्या हाताचा सरळ पंच), फक्त बॉडी, कधी समोरचा मारणार आणि मी फक्त अडवणार. दोन-तीन महिने स्पारिंग नाही म्हणणारा माणूस तुझे दिवस फुकट घालवत नाहीये, तुला मार बघता यायला शिकवणार आहे.

पॅडवाला

मी शिकवतो, त्यामुळे माझं म्हणणं एका बाजूचं वाटेल पण सांगतो.

पॅडच्या आवाजावर भुलू नकोस. तो टाळीसारखा फाट्कन आवाज निम्मा कोच काढत असतो, पंच यायच्या क्षणी पॅड पुढे आणून. मारणाऱ्याला वाटतं आपला हात काय जड झालाय. चांगला कोच पॅड धरताना मध्येच तुझ्या कानावर पॅड मारतो, जॅब टाकून हात गालाशी परत आला का ते बघायला, पंच संपला की तुला बाजूला सरकायला लावतो, आणि कधी कधी एकच पंच वीस मिनिटं मारायला लावतो. व्हिडिओ काढायला ते कंटाळवाणं दिसतं.

डावखुरीचं म्हणशील तर दोन्ही चालतं. बॉक्सर ऑस्कर दे ला होया मूळचा डावखुरा पण उजव्यांसारखा उभा राहायचा, म्हणून त्याचा पुढचा हात, जॅब आणि डावा हुक (बाजूने वळवून मारलेला पंच), एवढा घातक. उलट मार्विन हॅगलर उजव्या हाताचा असून साउथपॉ, म्हणजे डावखुऱ्यांसारखा उजवा हात-पाय पुढे ठेवून, खेळायचा. तेव्हा उजवी उभी राहा म्हणणं चूक नाही, पण "सोपं पडेल" हे कारण नाही. सोपं कुणाला, तुला का त्याला? साउथपॉला पॅड धरायला बऱ्याच कोचना जमत नाही. त्याला विचार, का. "तुझा जोराचा हात पुढे ठेवायचाय" म्हणाला तर विचार केलाय त्याने.

आणि सगळ्या पोरांचा गार्ड (बचावाला हात धरायची पद्धत), चाल, डोकं हलवायची पद्धत डिट्टो एकसारखी दिसली तर जरा थांब. मुहम्मद अली हात खाली ठेवायचा, पंच आला की मान मागे घ्यायचा, पुस्तकाप्रमाणे बघितलं तर दोन्ही चुका. त्याचा कोच अँजेलो डंडीने त्या मोडल्या नाहीत, त्याचे पाय आणि नजर एवढी वेगवान होती की त्याला ते परवडत होतं. डंडीची पद्धत अशी की सुधारणा सांगायची तर "आज तू अपरकट (खालून वर मारायचा पंच) काय छान टाकलास" असं म्हणायचं, टाकलेला नसला तरी, म्हणजे पुढच्या वेळी पोरगा स्वतःहून टाकतो. पोराचं शरीर आणि स्वभाव बघून शिकवणं म्हणजे काय ते यात आलं.

रोज_स्किपिंग

वरच्या दोघांचं पटतं पण एक कुणी बोललं नाही, अंतर. एक तास जायला एक तास यायला, कॉलेज, पावसाळा, परीक्षा, घरचे. मी असाच लांबचा "बेस्ट" कोच धरला होता, पहिले दोन महिने आठवड्याला पाच दिवस, मग तीन, मग एक. बॉक्सिंगमध्ये पाय आठवड्याला एका दिवसात येत नाहीत गं. त्यामुळे आधी प्रामाणिकपणे बघ की आठवड्यातून चार दिवस वर्षभर जाशील का. हो असेल तर लांबचं घे. दोन दिवस तिथे आणि बाकीचे दिवस घरी दोरी आणि शॅडो (समोर कुणी नसताना हवेत पंच) असंही चालतं, फक्त सरांना आधी सांगून, लपवून नाही.

दुसरं, मुलगी म्हणून. तिथे आणखी मुली आहेत का? नुसत्या फिटनेसवाल्या नाही, बाउट खेळणाऱ्या. ५७ किलोची तू आणि स्पारिंगला सगळी ७० किलोची मुलं असतील तर तू फक्त पळायला शिकशील. ऑलिंपिकमध्ये बायकांचं बॉक्सिंग २०१२ ला आलं, त्यामुळे अनेक जुन्या कोचनी मुलींना शिकवलेलंच नाही, काही फार उत्तम शिकवतात आणि काही उगाच हळुवार धरतात, पंच चुकला तरी "छान". तेही नुकसानच.

आणि हे नीट वाच. कपडे बदलायला कडी असलेली खोली आहे का, आईबाबांनी येऊन बसलेलं चालतं का, कोच रात्री एकटीला मेसेज करतो का, वजन सगळ्यांसमोर काढतो का. यातलं काही खटकलं तर कोच कितीही मोठा असू दे, परत जायचं नाही.

टॉवेल_हातात

मी एवढंच सांगेन की कोचची खरी परीक्षा कॉर्नरमध्ये, म्हणजे दोन राउंडच्या मध्ये बॉक्सर बसतो त्या कोपऱ्यात, असते, आणि ती जिममध्ये बसून दिसत नाही. त्याची मुलं जिथे बाउट खेळणार असतील तिथे एकदा जाऊन बस. फाइट बघू नकोस, मधला एक मिनिट बघ.

माईक टायसनचं बघ. तेरा-चौदा वर्षांचा असल्यापासून कस डमाटो नावाच्या कोचने त्याला घडवला. डमाटो १९८५ ला वारला, पुढे ट्रेनर केविन रूनीला १९८८ ला काढलं, आणि फेब्रुवारी १९९० मध्ये टोकियोला बस्टर डग्लससमोर टायसनचा डोळा सुजून बंद व्हायला लागला तेव्हा त्याच्या कॉर्नरमध्ये सूज दाबायचं थंड लोखंडही नव्हतं. रबरी हातमोज्यात बर्फाचं पाणी भरून डोळ्यावर धरत होते. जगातला चॅम्पियन! दहाव्या राउंडमध्ये नॉकआउट झाला. कॉर्नर चांगला असता तर जिंकलाच असता असं मी म्हणत नाही, डग्लस त्या दिवशी भारी खेळला. पण त्या टोकियोच्या कोपऱ्यात त्याच्यासाठी तयारी करून आलेलं कुणी नव्हतं.

उलट जो फ्रेझरचा ट्रेनर एडी फच. १९७५ ची मनिलाची फाइट, अली आणि जो फ्रेझर, चौदा राउंड झाले होते, फ्रेझरला डोळ्यांनी धड दिसत नव्हतं, एकच राउंड उरला होता आणि फ्रेझर उठायला तयार होता. फचने थांबवलं. फ्रेझरला ते आवडलं नाही, पण थांबवलं. आणि १९६४ ला सॉनी लिस्टनसमोर अली, तेव्हाचा क्ले, चौथ्या राउंडनंतर डोळे जळतायत, दिसत नाही, ग्लोव्ह्ज कापा म्हणत होता तेव्हा डंडीने डोळे धुतले आणि त्याला ढकलून बाहेर पाठवलं, दोन राउंडनंतर तो चॅम्पियन होता. एकाने थांबवलं, एकाने पाठवलं. मला तरी दोघंही बरोबर वाटतात, कारण दोघांना आपला माणूस आतून माहीत होता. तसं ओळखायला कोचचं तुझ्याकडे रोज लक्ष लागतं, म्हणून ज्याच्याकडे साठ पोरं आणि एक शिट्टी आहे तिथे जाऊ नकोस.

बदलायला घाबरू नकोस एवढं मात्र सांगतो. लेनॉक्स लुईस १९९४ ला ऑलिव्हर मॅकॉलकडून दुसऱ्याच राउंडमध्ये हरला, मॅकॉलच्या कॉर्नरमध्ये इमॅन्युएल स्टुअर्ड होता, आणि लुईसने नंतर त्याच स्टुअर्डला आपला ट्रेनर केला. आज निवडलं म्हणजे जन्माचं बांधलं गेलं असं नाही.

डावखुरी_१९

सगळ्यांना मनापासून थँक्यू, एवढं लिहाल असं वाटलं नव्हतं. @जुना_वेल्टर दादा तुमचं वाचून आईला दाखवलं, ती आधी म्हणाली मग बॉक्सिंगच नको 🙂 मग दोघी मिळून दोन्हीकडे परत गेलो.

जवळच्या ठिकाणी नेमकं शनिवारचं स्पारिंग होतं. एका रिंगमध्ये दोन जोड्या, सगळे फुल जोरात, एकाचे ग्लोव्ह्ज १० औंसचे होते (स्पारिंगला १६ चे घालतात ना?) आणि कोच कडेला मोबाइलवर शूट करत होता. एका मुलाचं नाक फुटलं तर सगळे टाळ्या वाजवत होते. साउथपॉचं विचारलं, "का" म्हटल्यावर तो हसला आणि म्हणाला तू खूप प्रश्न विचारतेस.

लांबच्या सरांकडे दोन मुली आहेत, एक ५४ ची एक ६०. सर रिंगच्या दोरीला टेकून उभे, एका राउंडमध्ये तीनदा थांबवलं, एकदा फक्त म्हणाले "श्वास". स्पारिंग झाल्यावर त्या ६० किलोवालीला बाजूला बसवून विचारत होते डोकं जड आहे का, पाणी प्यायलीस का. आई तिथेच म्हणाली, इथे ये.

एकच अडचण, सर मला उजवी का डावी उभी राहायला सांगणार अजून बोलले नाहीत, विचारलं तर म्हणाले आधी दोन आठवडे तुला चालताना बघू दे. आणि आठवड्याला चार दिवस जमेल का ते मला नक्की सांगता येत नाहीये.

पॅडवाला

हो, स्पारिंगला १६ औंसच घालतात, जास्त गादी. हलकी वजनं १४ ही घालतात, पण १० नाही.

चालताना बघू दे म्हणाले ना, मग तू योग्य माणसाकडे आहेस. चार दिवसांचं त्यांना जाऊन सांग, तीन जमतात म्हण, ते तीनाचं वेळापत्रक बसवतील. ग्लोव्ह्ज आत्ता घेऊ नकोस. दोरी घे, माउथगार्ड दाताच्या डॉक्टरकडून मापाचा करून घे, आणि हँडरॅप लांब घे, साडेचार मीटरचे.

जुना_वेल्टर

आईंना माझा नमस्कार सांग. पहिलं स्पारिंग झालं की इथे लिही, कितीही महिन्यांनी असेल तरी.