एकाच विदेतून दोन उलटी उत्तरं कशी?

प्रश्न एकमेकांपासून खूप दूर असलेल्या जोडताऱ्यांचा आहे: गाया या अवकाश दुर्बिणीची तीच विदा वापरून खगोलशास्त्रज्ञ क्यू-ह्युन चे २०२३ मध्ये म्हणतात न्यूटन कमी पडतो आणि इंद्रनील बानिक यांचा गट म्हणतो मॉन्ड (अगदी कमी त्वरणाला न्यूटनचा गुरुत्वनियम बदलणारा सिद्धांत) बाद. मग खोटं कोण? कोणीच नाही. घोळ लपलेल्या तिसऱ्या ताऱ्याचा आहे.

मॉन्डचा उंबरठा, म्हणजे ज्या त्वरणाखाली नियम बदलतो ते, १.२ × १०⁻¹⁰ मी/से². सूर्याएवढ्या ताऱ्यापासून साधारण ७,००० खगोलीय एककांवर (एक एकक म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतर) त्वरण तेवढं उतरतं. तिथे जोडताऱ्यांचा परस्परवेग जेमतेम अर्धा किमी/से, आणि आकाशगंगेच्या गुरुत्वाचा बाहेरून होणारा परिणाम धरला तर मॉन्डने त्यात फार तर २० टक्के भर पडावी. आता जोडीतल्या एकाला न दिसणारा बुटका साथीदार असला, की वेग तेवढाच फुगू शकतो. झालं!

आरयूडब्ल्यूई (गायाच्या मोजमापांशी एकट्या ताऱ्याचं गणित किती जुळतं याचा आकडा) १.४ च्या खाली ठेवून असे लपलेले साथीदार बरेच गाळले जातात, सगळे नाहीत. म्हणून अशा त्रिकुटांचं प्रमाण ठरवावंच लागतं. चे ते जवळच्या जोड्यांवरून ठरवतात, जिथे न्यूटनबद्दल वाद नाही. बानिकच्या नमुन्यात २,००० एककांच्या आतल्या जोड्याच नाहीत. त्यामुळे त्यांच्याकडे त्रिकुटांचं प्रमाण आणि गुरुत्वनियम एकाच जुळवणीतून निघतात. मला इथे चे यांची पद्धत जास्त पटते, पण त्याने मॉन्ड सिद्ध होत नाही. दीर्घिकासमूहांत मॉन्डलाही वस्तुमान कमी पडतंच.

खरी सोय एकत्र कामात आहे: आधी दोघांनी जोडताऱ्यांच्या एकाच कृत्रिम (संगणकावर बनवलेल्या) यादीवर आपापला कोड चालवायचा, मग निवडक शंभरेक जोड्यांचे अचूक त्रिज्यीय वेग (आपल्या दिशेने किंवा आपल्यापासून दूर जाण्याचे) वर्णपटावरून वर्षभराच्या अंतराने दोनदा मोजायचे. जवळचा तिसरा असेल तर वेग हलतो. दूरचा, मंद असेल तर स्पेकल इंटरफेरोमेट्री (अनेक झटपट छायाचित्रांतून अगदी जवळचे तारे वेगळे करण्याची पद्धत) लागेल.