मदत हवी आहे: ४९ जणांची दोन दिवसांची कॉलेज सहल, मोजणी, हमीपत्र आणि पाणी

नमस्कार मंडळी,

मी उत्तर गोव्यातल्या एका कॉलेजात बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि यंदा आमच्या मराठी मंडळाची सचिव आहे. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मंडळाची सहल ठरते आहे. ४६ विद्यार्थी, दोन मॅडम, एक सर. पहिल्या दिवशी तांबडी सुर्ला आणि दूधसागर, रात्री मोलेला मुक्काम. दुसऱ्या दिवशी नेत्रावळीची बुडबुड्यांची तळी, रिवणजवळची उसगाळीमळची कातळशिल्पं आणि शेवटी पाळोळ्याला सूर्यास्त बघून घरी.

कुठे जायचं, काय खायचं हे आम्ही बघून घेऊ. मला विचारायचं आहे ते वेगळं, आणि त्यासाठी आधी मागच्या वर्षीचं सांगावं लागेल.

मागच्या सहलीत परतताना रात्री साडेनवाच्या सुमारास आम्ही एका पेट्रोल पंपावर थांबलो होतो. दहा मिनिटांनी सगळे बसमध्ये चढले. मी दारात उभी राहून ओरडले, "आले काय सगळे?" मागून एका सुरात "हो!" आलं. कोणीतरी गाणं लावलं, बस सुटली. साधारण वीस मिनिटांनी पुढच्या सीटवरच्या मुलीने मागे वळून विचारलं, "ती तुमच्याकडे बसली आहे ना?" ती मागे नव्हती. पहिल्या वर्षाची मुलगी, सतरा वर्षांची. ती पंपाच्या बाथरूममध्ये होती. तिचा मोबाईल आमच्याच बसमध्ये, सीटवर, चार्जिंगला लावलेला होता.

वळून परत पोचेपर्यंत चाळीसएक मिनिटं गेली. पंपावर काम करणाऱ्या एका बाईने तिला खुर्ची दिली होती आणि स्वतः तिच्या शेजारी उभी राहिली होती. त्या बाईचे उपकार मी विसरणार नाही. मुलगी रडत नव्हती. बसमध्ये चढताना माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "ताई, मी हाक मारली होती."

मंडळाच्या अहवालात आम्ही "सहल आनंदात पार पडली" असं लिहिलं. ते चूक होतं आणि तेव्हाही ते मला कळत होतं. यंदा ती पुन्हा येते म्हणते आहे, पण तिच्या बाबांनी अजून सही दिलेली नाही. त्यांना जाऊन भेटायच्या आधी माझ्याकडे धड उत्तरं असावीत, म्हणून हा धागा.

पहिला प्रश्न मोजणीचा. ४९ माणसं दिवसातून दहा-बारा वेळा उतरतात, चढतात. आकडे म्हणायला लावले तर शेजारचा शेजाऱ्याचा आकडा म्हणून टाकतो, हे मी पाहिलं आहे. तुमच्याकडे खरोखर चालणारी पद्धत कोणती?

दुसरा हमीपत्राचा. कॉलेजचा जुना नमुना एका पानाचा आहे आणि त्यातलं अर्धं पान "काही झाल्यास कॉलेज जबाबदार राहणार नाही" यातच जातं. रक्तगट, ॲलर्जी, चालू औषधं, दमा, फिट, यांतलं काहीच त्यात विचारलेलं नाही. हा कागद नेमका कोणासाठी आहे, असा मला प्रश्न पडतो. त्यात काय असायला हवं?

तिसरा पाण्याचा, आणि हाच मला सगळ्यात जड वाटतो. आमच्यातले निम्मे मुलगे गावच्या तळीत, नदीच्या कोंडीत पोहायला शिकलेले. "आम्हाला येतं" हे त्यांचं म्हणणं खरंच आहे. पण १ फेब्रुवारी २०१६ ला मुरुडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडून गेले. १५ एप्रिल २०१७ ला मालवणजवळ वायरीला बेळगावच्या कॉलेजमधले आठजण बुडाले. वायरी आम्हाला काही लांब नाही. त्यांच्यातही पोहता येणारे असतीलच ना? दूधसागरच्या खालच्या डोहात उतरू द्यावं का? आणि पाळोळ्याला?

चौथा दारूचा. गोव्यात एकविसाच्या आत दारू देता येत नाही हे सगळ्यांना माहीत आहे, आणि कोल्ड्रिंकच्या बाटलीतून काय येतं हेही सगळ्यांना माहीत आहे. मला चुगलखोर व्हायचं नाही. पण रात्री मोलेला कोणी पिऊन बाहेर रानात गेला तर त्याला शोधायला मीच जाणार.

दूधसागरला रुळांवरून चालत जाऊया, अशीही एक मागणी आहे, सीनियर्सचे व्हिडिओ बघून. ती मी तिथल्या तिथे नाही म्हणून टाकली आहे. पैशांचंही एक आहे. तीन-चारजणांना वर्गणी झेपणार नाही, पण ते मॅडमनी अंगावर घेतलं आहे.

सविस्तर लिहिलंत तर फार बरं होईल. "मजा करा, काही होत नाही" असं कृपया लिहू नका.

*

फोंडेकर बाई

बाय, आधी एक सांगते. ते अहवालातलं वाक्य आता दुरुस्त करून घे. मंडळाच्या फाईलमध्ये खरं लिहिलेलं असलं तर पुढच्या सचिवाला तुझ्यासारखं विचारत फिरावं लागणार नाही.

मी वीस वर्षं मुलांना घेऊन फिरले, आता निवृत्त आहे. मोजणीचं उत्तर तुझ्या सहलीतच आहे. कुळ्याहून दूधसागरला जाणाऱ्या जीपमध्ये सातजण बसतात. तुम्ही ४९, म्हणजे सात जीप. तेच सात गट दोन्ही दिवस ठेव. प्रत्येक गटाचा एक प्रमुख. तो ओरडून विचारत नाही. तो स्वतःच्या सहाजणांची तोंडं बघतो आणि खाली येऊन एका शिक्षकाला सांगतो, "माझे सहा चढले." शिक्षक कागदावर खूण करतो. सात खुणा झाल्याशिवाय ड्रायव्हरने गिअर टाकायचा नाही, हे ड्रायव्हरला सकाळी निघतानाच सगळ्यांसमोर सांगायचं. बस कोणाच्या शब्दावर सुटते हे ठरलेलं नसलं की ती गाण्याच्या तालावर सुटते.

प्रमुखाच्या खिशात छापील कागद हवा: सातांची नावं, पालकांचे नंबर, रक्तगट, दोन्ही शिक्षिकांचे नंबर. दूधसागरच्या बाजूला मोबाईलला रेंज नसते, तिथे व्हॉट्सॲपचा ग्रुप काही कामाचा नाही. "हरवलो तर जिथे आहेस तिथेच थांब, आम्ही येतो" हे वाक्य प्रत्येकाकडून म्हणवून घे. गंमत वाटेल त्यांना, वाटू दे.

दुपारच्या जेवणात काय आहे ते आधी कळव. मासळीची, शेंगदाण्याची ॲलर्जी असलेली मुलं लाजून बोलत नाहीत.

दारूबद्दल: झडती घेऊ नकोस, तो तुझा अधिकारही नाही. निघायच्या आठ दिवस आधी सरांना सगळ्यांसमोर एकदाच सांगायला लाव. उघड्यावर दारू प्यायली तर पर्यटन स्थळांच्या कायद्याखाली दंड आहे, २०१९ पासून. आणि दुसरं, ते जास्त महत्त्वाचं: कोणी प्यायलाच आणि त्याला त्रास झाला, तर मित्रांनी लगेच येऊन सांगायचं. सांगणाऱ्यावर कारवाई होणार नाही हा शब्द सरांनी द्यावा. मुलं लपवतात ती शिक्षेच्या भीतीने, आणि तेवढ्यात उशीर होतो.

*

रानवाट

मी सांग्याचा. नेत्रावळीला येताय म्हणून लिहितो. तुमच्यातला कोणीतरी "सावरी, मैनापी पण करूया" म्हणणार. वेळापत्रकात नसलेला धबधबा अजिबात करायचा नाही. जुलै २०२३ मध्ये मैनापीला दोघे बुडाले आणि त्यानंतर वनखात्याने अभयारण्यातल्या धबधब्यांवर जायला बंदी घातली होती. डिसेंबरमध्ये पाणी शांत दिसतं, तरी कातळ शेवाळलेला असतो आणि कोंडीची खोली वरून कळत नाही. गावच्या तळीत पोहणाऱ्याला पायऱ्या ठाऊक असतात, तळ ठाऊक असतो. इथे त्यातलं काही नसतं. हे तुमच्या मुलांना असंच सांगा. तुम्हाला पोहता येत नाही असं कोणी म्हणत नाही, ही तुमची तळी नाही एवढंच.

दूधसागरला लाईफ जॅकेट सक्तीचं आहे. ते जीपमध्ये उशाला न ठेवता बंद लावून घालायचं, आणि पाण्यात उतरायचंच तर जीवरक्षक दाखवतील तेवढ्याच जागेत. माकडांना खायला घालू नका. प्लास्टिकच्या पिशव्या हातात दिसल्या की ती अंगावर येतात.

रुळांचं तुम्ही बरोबर केलंत. रेल्वे कायद्याच्या १४७ कलमाखाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. जुलै २०२३ मध्ये तिथे आलेल्या पोरांना उठाबशा काढायला लावल्या होत्या तो व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला असेल. पण दंडापेक्षा, बोगद्यात गाडी आली तर बाजूला व्हायला जागा नसते हे सांगा.

रानात पूर्ण बाह्यांचे कपडे, पायांत बूट, पाचोळ्यावर बसणं नको. सत्तरी तालुक्यात २०१५ पासून माकडतापाचे रुग्ण सापडले आहेत आणि तो गोचिडीतून होतो. मुक्कामी गेल्यावर अंघोळ करून कपडे बदला, गुडघ्यांच्या मागे, काखेत गोचीड आहे का बघा. परतल्यावर आठ-दहा दिवसांत कोणाला ताप आला तर डॉक्टरला "रानात गेलो होतो" हे सांगायला विसरू नका. साप चावला तर बांधणं, कापणं, चोखणं काही नको. हातपाय हलवू न देता सरळ १०८ किंवा स्वतःची गाडी. बससोबत एक छोटी गाडी असू द्या. ४९ जणांची बस एकासाठी इस्पितळात नेता येत नाही, आणि दूधसागरहून बांबोळीचं गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजचं इस्पितळ, जवळ नाही.

उसगाळीमळला एक विनंती. चित्रं फोटोत उठून दिसावीत म्हणून काहीजण खडूने रेघा ओढतात, बाटलीतलं पाणी ओततात. जांभा दगड आहे तो, झिजतो. चप्पल काढून कडेने फिरा. उन्हं तिरपी असताना गेलात तर तो चक्रव्यूह आणि बैल आपोआप दिसतात, काही करावं लागत नाही.

*

काळा कोट

हमीपत्राविषयी. "जबाबदार नाही" असं लिहून घेतलं म्हणून निष्काळजीपणाची जबाबदारी जात नाही. अठराच्या आतल्या मुलाच्या स्वतःच्या सहीला तर कायद्यात काही वजनच नाही, तिथे पालकांचीच सही हवी. पहिल्या वर्षाच्या मुलांच्या जन्मतारखा आधी तपासा.

त्यापेक्षा तो कागद माहितीचा करा. कुठे जाणार, कुठे राहणार, पाण्यात उतरू देणार की नाही, सोबत कोण, औषधं कोणती, तातडीच्या उपचाराला संमती आहे का, दुसरा नंबर कोणाचा. वाचून सही करणाऱ्या पालकाला खरोखर काही कळलं पाहिजे. बसचा परमिट, फिटनेस आणि विमा यांच्या प्रती आठवडाभर आधी मागा. कदंबची, म्हणजे गोव्याच्या सरकारी परिवहन महामंडळाची, बस करारावर घेतलीत तर ती धावपळ कमी. दोन दिवसांचा सामूहिक अपघात विमाही उतरवता येतो, फार खर्च नाही.

*

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. काल मॅडमना हे सगळं वाचून दाखवलं. सात गट पक्के झाले. छोटी गाडी सर स्वतःची आणणार आहेत. हमीपत्र नव्याने लिहिलं, दोन पानांचं झालं, "जबाबदार नाही" हे वाक्य काढलं. प्राचार्यांना ते हवं होतं, पण वकील साहेबांचा प्रतिसाद दाखवल्यावर ते ऐकले.

पाळोळ्याचं पुन्हा बघितलं तेव्हा एक लक्षात आलं. जीवरक्षकांची वेळ संध्याकाळी सहापर्यंत आणि डिसेंबरमध्ये सूर्य मावळतोही सहाच्या आसपास. म्हणजे आम्ही नेमके ते निघण्याच्या वेळी पाण्याजवळ, दिवसभर दमलेले, अंधार पडत असताना. म्हणून आता सूर्यास्त वाळूत बसूनच बघायचा, पाय भिजवायलासुद्धा उतरायचं नाही. हे हमीपत्रात लिहिलं आहे. दोघांनी नावं मागे घेतली. घेऊ देत.

रविवारी त्या मुलीच्या घरी गेले होते. तिच्या बाबांनी मागच्या वर्षीचं पुन्हा सगळं विचारलं, वेळेसकट. मी सगळं सांगितलं. दुरुस्त केलेला अहवालही दाखवला. त्यांनी हमीपत्राची दोन्ही पानं वाचली आणि "तिचा मोबाईल तिच्याजवळ राहील ना?" एवढंच विचारलं. सही दिली.

एक शेवटचं विचारते. गट करताना मित्रमैत्रिणींना एकत्र ठेवू की मुद्दाम वेगळं करू? ओळखी वाढाव्यात म्हणून वेगळं करा, असं काहीजण म्हणतात.

*

फोंडेकर बाई

एकत्र ठेव. जिची मैत्रीण चढली नाही तिला बसमध्ये चैन पडत नाही, तुझ्या कागदाआधी तीच ओरडते. ओळखी जेवताना वाढतील. फक्त जी मुलं एकटी येत आहेत त्यांना कुठल्या गटात जायचं ते आधी त्यांनाच विचार, आणि प्रमुखाला त्यांचं नाव तोंडपाठ कर म्हणावं.