अनुभव धागा: मस्कटीन, आयोवा – मिसिसिपीकाठचं बटणांचं गाव

शर्टाच्या बटणांवर ज्याचं पोट चालायचं, असं हे अमेरिकेतलं गाव. तिथे काय बघावं, कसं बघावं, माहितगारांनी लिहा.

*

नॅशनल पर्ल बटन म्युझियममध्ये आधी भोकं पाडलेले शिंपले बघा. जॉन बोपल या जर्मन कारागिराने १८९१मध्ये इथे कारखाना काढला. आदल्याच वर्षी अमेरिकेने आयात बटणांवर जबर कर बसवला होता, म्हणून नदीतल्या शिंपल्यांची बटणं परवडू लागली. १९०५पर्यंत वर्षाला दीड अब्ज बटणं निघत होती.

वाळलेला शिंपला ठिसूळ होतो, करवत लागताच तडकतो. म्हणून तो साधारण आठवडाभर पाण्यात भिजत ठेवत. मग नळीच्या आकाराच्या फिरत्या करवतीने गोल चकत्या कापायच्या, वर सतत पाणी सोडायचं. करवतीचे दाते बोथट झाले की चकतीच्या कडेचे कपचे उडतात, आणि ती चकती बाद.

*

वरच्या प्रतिसादात भर: मजुरी ग्रोसवर मिळे. ग्रोस म्हणजे १४४, पण कटरकडून, म्हणजे चकत्या कापणाऱ्या कामगाराकडून, १६८ चकत्या मोजून घेत. १९११च्या संपात हीसुद्धा एक तक्रार होती. म्युझियममध्ये नुसती यंत्रं बघून परतू नका, हा हिशेबही समजून घ्या.

*

शिंपले काढायची पद्धत फार साधी. आडव्या दांडीला दोऱ्या, दोऱ्यांना तारेचे चार टोकांचे आकडे. नाव प्रवाहाबरोबर सोडायची, आकडे तळावरून ओढले जातात. तोंड उघडून बसलेल्या शिंपल्याला आकडा लागला की तो मिटतो आणि स्वतःच अडकतो. लहानमोठा असा भेद नाही, त्यामुळे वाढीला लागलेले शिंपलेही निघत.

शिंपले घटण्यामागची खरी गोम माशांत आहे. शिंपल्याची पिल्लं काही काळ माशांच्या कल्ल्यांना चिकटून वाढतात. एबनीशेल या बटणांच्या उत्तम जातीला स्किपजॅक हेरिंग हाच मासा लागतो. १९१३मध्ये खाली किओकुकला धरण झालं, मासा वर येईना, आणि धरणाच्या वरच्या भागात ही जात जवळपास संपली. नुसत्या अति उपशाला दोष देणं अपुरं आहे.

*

बटणांपलीकडे: वेस्ट थर्ड स्ट्रीटवरचं अलेक्झांडर क्लार्क यांचं घर चुकवू नका. त्यांची मुलगी सुझन हिला काळी म्हणून शाळेने नाकारलं. क्लार्क कोर्टात गेले, आणि १८६८मध्ये आयोवाच्या सर्वोच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला. देशभरासाठी तसा निकाल यायला १९५४ उजाडलं. माझ्या मते गावाचा सगळ्यात मोठा वारसा हाच.

*

जुनी बटणं विकत घेणार असाल तर गालाला लावून बघा: शिंपल्याचं गार लागतं, प्लास्टिकचं नाही. मागच्या बाजूला कधी कधी शिंपल्याच्या बाहेरच्या सालीचा तपकिरी डागही राहिलेला असतो. धुताना व्हिनेगर किंवा लिंबू वापरू नका, आम्लाने चकाकी जाते.

आणि काठावरचा रिकामा शिंपलाही उचलू नका. हिगिन्स आय ही तिथली शिंपल्याची संरक्षित जात. तिचं नुसतं कवच बाळगणंही बेकायदा आहे, आणि नवख्याला जाती ओळखता येत नाहीत.