मदत हवी आहे: फिलिपिन्सच्या नगर परिषदेत एकूण सदस्य किती धरायचे?

एमएच्या प्रकल्पासाठी फिलिपिन्स आणि महाराष्ट्रातील स्थानिक संस्थांची तुलना करते आहे. फक्त 'सांगुनियांग बायान', म्हणजे लहान शहराची परिषद, एवढ्यावरच अडले आहे. मोठी शहरे, प्रांत, मेट्रो मनिला नको आहेत.

१९९१ च्या स्थानिक शासन संहितेतले कलम ४४६ वाचून झाले. ८ सदस्य थेट निवडून येतात, मुदत ३ वर्षे. व्हाइस मेयर वेगळा निवडून येतो आणि अध्यक्षस्थानी बसतो. मत फक्त बरोबरी फोडायला. बारांगाय (तिथला सर्वात लहान स्थानिक घटक) प्रमुखांच्या संघटनेचा आणि युवक परिषदांच्या महासंघाचा अध्यक्ष पदसिद्ध येतात. मतदानाची पद्धत मला फार रोचक वाटते: सगळे शहर एकच मतदारसंघ, मतदार एकाच यादीतून ८ पर्यंत नावे निवडतो, सर्वाधिक मतांचे पहिले ८ विजयी. पुण्यातल्या प्रभागात अ, ब, क, ड अशा प्रत्येक जागेसाठी वेगळे मत असते, तसे तिथे नाही.

अडचण पुढे आहे. त्याच कलमात महिला, कामगार आणि इतर घटकांचे मिळून ३ प्रतिनिधी सांगितले आहेत. पण निकालांत फक्त ८ नावे दिसतात. आदिवासी प्रतिनिधीची तरतूद १९९७ च्या वेगळ्या कायद्यात आहे, ती मी स्वतंत्र रकान्यात ठेवली आहे. वर्तमानपत्री लेख नकोत, कायदा, न्यायनिवाडा किंवा निवडणूक आयोगाचा ठराव हवा.

त्या ३ जागांसाठी प्रत्यक्षात निवडणूक होते का, आणि होत नसेल तर गणसंख्येसाठी एकूण सदस्यांत त्या धरतात का?