मदत हवी आहे : जुन्या कॅसेट डिजिटल करताना झांजेचा आवाज बोदा येतो

आजोबांच्या कीर्तनाच्या, १९८४ ते १९८९ या काळात घरगुती रेकॉर्डरवर मोनोमध्ये ध्वनिमुद्रित केलेल्या २२ कॅसेट मी संगणकावर उतरवून घेत आहे. कॅसेट वाजवणाऱ्या डेकच्या लाइन-आउटमधून यूएसबी ऑडिओ इंटरफेसमध्ये (आवाज संगणकात नेणाऱ्या उपकरणात), ९६ किलोहर्ट्झ व २४ बिटवर, कमाल पातळी उणे ६ डेसिबलच्या आत ठेवून वेव्ह फाइल करतो. मूळ प्रतीवर कोणताही फिल्टर लावत नाही. तरीही झांजेची किणकिण हरवते. डेकचे हेड, म्हणजे फीत वाचणारा भाग, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले, डिमॅग्नेटाइझ केले (त्यात साठलेले चुंबकत्व काढले), डॉल्बी ही खरखर कमी करणारी सोय बंद ठेवली. विकतच्या कॅसेट मात्र याच डेकवर स्वच्छ वाजतात, त्यामुळे मूळ रेकॉर्डरच्या हेडचा कोन, म्हणजेच अ‍ॅझिमथ, वेगळा असावा असे मला वाटते. तो रेकॉर्डर आता उपलब्ध नाही. एका कॅसेटच्या वेळी हेडजवळचा स्क्रू जेमतेम फिरवताच झांज लख्ख उमटली, परंतु फिती ९० मिनिटांच्या आणि पातळ असल्याने त्या पुन्हापुन्हा वाजवण्याची धास्ती वाटते. डेकचे डावे-उजवे दोन्ही चॅनेल एकत्र करून, हेडफोनवर झांज सर्वांत ठळक ऐकू येईल तिथे स्क्रू थांबवणे पुरेसे विश्वासार्ह आहे का, आणि प्रत्येक बाजूसाठी ते नव्याने करावे लागेल का?