गाडीतली अँड्रॉइड स्क्रीन तापते: किती चालेल?

प्रश्न: बाहेरून बसवलेली १० इंची स्क्रीन. मॅप आणि गाणी सुरू असली की अर्ध्या तासात काच कोमट लागते, मागचा पत्रा चांगलाच तापतो. बिघाड समजायचा का?

उत्तर १: कोमट काच नॉर्मल. एलसीडी स्वतः उजेड देत नाही. मागचे एलईडी देतात आणि त्यांच्या विजेचा बराच भाग उष्णतेत जातो. ब्राइटनेस १००% असेल तर जास्तच. इल्युमिनेशनची, म्हणजे दिवे लागल्याचं स्क्रीनला कळवणारी वायर (बहुधा नारिंगी) पार्किंग लाइटला जोडा, रात्री आपोआप कमी होईल.

उत्तर २: मागचा पत्रा तापतो तो मुख्यतः अ‍ॅम्प्लिफायर आयसीमुळे (स्पीकरला ताकद देणारी चिप). तो त्याच पत्र्याला स्क्रूने आवळलेला असतो, म्हणजे पत्रा हाच हीटसिंक (चिपची उष्णता बाहेर टाकणारा भाग). फिटर उरलेल्या वायरींचा गुंडाळा नेमका तिथेच कोंबतात, वर फोम! गुंडाळा बाजूला बांधा, फॅन असेल तर फिरतोय का बघा. नेमकं कारण शोधायचं तर आवाज शून्य करून २० मिनिटं मॅप चालवा. पत्रा बराच कमी तापला तर अ‍ॅम्प्लिफायर, तरीही तितकाच तापला तर बहुधा प्रोसेसर.

उत्तर ३: किल्ली काढल्यावरही तासाभराने गरम? मग पिवळी (कायम १२ व्होल्ट) आणि लाल (एसीसी, म्हणजे किल्ली फिरवल्यावरच वीज देणारी) दोन्ही थेट बॅटरीवर जोडल्या असणार. युनिट (स्क्रीनचा पूर्ण संच) झोपतच नाही, बॅटरीही उतरते. लाल वायरवर किल्ली बंद असताना मल्टिमीटरने शून्य व्होल्ट यायला हवेत.

उत्तर २: आणि उन्हात लावलेल्या गाडीत स्क्रीन आपोआप मंद झाली तर घाबरू नका, बऱ्याच युनिटमध्ये ते संरक्षणच असतं. काळे डाग किंवा जळका वास आला तर मात्र लगेच फ्यूज काढा.